नकारानंतरचा अर्ज : जनुकीय समुपदेशनाचे शिक्षण आणि आपले विद्यार्थी

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता मूठभर विद्यार्थ्यांपुरता आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत जनुकीय समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करावयाचा, तो नाकारला गेल्यावर पुन्हा करावयाचा की नाही, आणि करावयाचा तर कसा, एवढाच प्रश्न आहे. असे अर्ज करणारे आपल्यात किती, असे कोणी विचारील. बोटांवर मोजण्याइतके, हे मान्य करूनही हा विषय येथे मांडावा असे मला वाटते. त्याला दोन कारणे आहेत. ज्या आजारासाठी ही विद्या आपल्याला हवी आहे तो सिकलसेल विदर्भातील आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून आहे, हे पहिले कारण. नकाराचा कागद हाती पडल्यावर आपला विद्यार्थी जे करतो ते या एका विद्याशाखेपुरते मर्यादित नाही, हे दुसरे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. माझी एक विद्यार्थिनी एम.एस्सी. झालेली आहे, ती स्वतः सिकलसेलची वाहक असून तिचा धाकटा भाऊ या आजाराचा रुग्ण आहे. तिने अमेरिकेतील सहा अभ्यासक्रमांना अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखत झाली. एप्रिलअखेरीस, जुळणी झाली नाही, असा दोन ओळींचा निरोप आला. तिची आई मला म्हणाली, "मॅडम, एक खेप नाही म्हटलं ना त्यायनं, मंग आता पुन्हा कायले?" या प्रश्नात अडाणीपणा मुळीच नाही. तलाठ्याने कागद परत केला, बँकेने अर्ज परत केला, तर कारण विचारण्याची सोय आपल्या लोकांना कधी नव्हती. परत आलेला कागद म्हणजे शेवटचा शब्द, हा अनुभव त्या प्रश्नामागे आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर ती प्रवेशपद्धती नीट समजून घेणे भाग होते. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते येथे देत आहे.

ही विद्या कोणती?

'जेनेटिक काउन्सेलिंग' हा शब्दप्रयोग शेल्डन रीड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४७ साली रूढ केला. ते मिनेसोटा विद्यापीठाच्या डाइट इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत. ही संस्था एका सुप्रजावाद्याच्या मृत्युपत्रातील पैशातून उभी राहिली होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोणी मुले जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत हे ठरविण्याचा हक्क शास्त्रज्ञांना आहे, असे सुप्रजावादी मानीत. रीड यांनी या समजुतीपासून फारकत घेतली. माहिती समुपदेशकाने द्यावी, निर्णय कुटुंबाने घ्यावा, असे सूत्र पुढे या व्यवसायाने स्वीकारले.

१९६९ साली न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथील सारा लॉरेन्स महाविद्यालयात या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९७९ साली समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज अमेरिका व कॅनडा मिळून मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पन्नासहून अधिक आहेत. शिक्षण साधारण दोन वर्षांचे असते. कुटुंबाचा वंशवृक्ष मांडणे, आनुवंशिक आजाराची शक्यता समजावून सांगणे, कोणती तपासणी करता येईल आणि तिच्यातून काय कळेल, काय कळणार नाही हे स्पष्ट करणे, आणि हे ऐकताना समोरच्या माणसाच्या मनात जी उलथापालथ होते तिच्याकडे दुर्लक्ष न करणे, हे या समुपदेशकाचे काम. निम्मे शास्त्राचे आणि निम्मे मनुष्यस्वभावाचे, असे हे काम आहे.

आपल्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक, म्हणजे आपल्याकडे बोलतात तसे 'एएस' असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, आणि दोष अजिबात नसण्याची २५ टक्के असते. 'प्रत्येक गरोदरपणात' हे दोन शब्द समजावून सांगणे हेच मोठे काम आहे. पहिले मूल रुग्ण निघाले, आता पुढची तिन्ही सुखरूप, असा हिशेब लोक करतात. तो चूक आहे. तसेच वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक माणूस सर्वसाधारण निरोगी आयुष्य जगतो. हे जनुक टिकून राहिले ते मलेरियामुळे. वाहकांना घातक मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले. विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, गोंड, माडिया, परधान यांच्यात, आणि नंदुरबारकडील भिल्ल-पावरांत हे जनुक आढळते, त्याचा 'रक्त हलके' असण्याशी काडीचा संबंध नाही. जंगल आणि डास यांच्याशी हजारो वर्षे झालेल्या झुंजीची ती खूण आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर झाली. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. तिचा भर आदिवासी भागांवर असून शून्य ते चाळीस वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी करून त्यांना रंगीत कार्डे देण्याची ती योजना आहे. कार्ड छापणे सोपे आहे. ते हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीला तिच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस कोठून आणावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

सांगणारा कोण, याने काय फरक पडतो?

आनुवंशिकतेचे शास्त्र कोणीही सांगितले तरी तेच असते, मग समुपदेशक आपल्यातला असण्याचा आग्रह कशासाठी, अशी शंका काहींना येईल. तिचे उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात आहे. सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे, हे १९४९ साली दाखविणारे लायनस पॉलिंग हे थोर रसायनशास्त्रज्ञ. त्यांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पॉलिंग यांनी १९६८ साली लिहिले, की सिकलसेल-वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक परस्परांना ओळखतील आणि एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू दुष्ट नव्हता. मुलांचे हाल टळावेत एवढीच इच्छा होती. परंतु ज्यांच्या कपाळावर गोंदावयाचे ते कृष्णवर्णीय होते, आणि सुचविणारा गोरा होता. माणसाच्या अंगावर जन्माची खूण वागविणे म्हणजे काय, हे ज्याने भोगलेले नाही त्यालाच असे काही सुचू शकते.

पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी अनेक अमेरिकन राज्यांनी घाईने सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाच पुरता उमगला नव्हता. धडधाकट वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडचणी आल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. १९७२ साली तेथे सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला, तेव्हा तपासणी ऐच्छिक असावी आणि समुपदेशन मिळावे ही बाब त्यात आली. शास्त्र तेच होते. ते कोणाच्या हाती आहे आणि समोरच्याकडे तो कोणत्या नजरेने पाहतो, याने परिणाम बदलला. आजही अमेरिकेतील जनुकीय समुपदेशकांत दहापैकी जवळजवळ नऊ जण गोरे आहेत. सिकलसेलचे तेथील सुमारे एक लाख रुग्ण मात्र बहुतांशी कृष्णवर्णीय आहेत. या विसंगतीची चर्चा त्या व्यवसायात उघडपणे चालू आहे. आपल्याकडे ती सुरूही झालेली नाही.

प्रवेश कसा होतो?

आता मूळ विषयाकडे वळू. या अभ्यासक्रमांत जागा थोड्या असतात. एका तुकडीत पाच-सात विद्यार्थी, कोठे वीस-पंचवीस. कारण वर्गातील बाकांचे नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने शिकत असताना किमान पन्नास कुटुंबांच्या समुपदेशनात प्रत्यक्ष भाग घ्यावा लागतो, तोही अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली. जितके देखरेख करणारे, तितक्याच जागा. त्यामुळे दर वर्षी निम्म्याहून अधिक उमेदवार परत जातात, आणि त्यांत पात्र माणसे पुष्कळ असतात. हे एकदा समजले म्हणजे नकाराचा निम्मा दंश उतरतो.

अर्ज हिवाळ्यात भरले जातात, मुलाखती वसंत ऋतूत होतात. २०१८ पासून अंतिम निवड 'मॅच' नावाच्या जुळणी-पद्धतीने होते. उमेदवार आपल्या पसंतीची क्रमयादी देतो. अभ्यासक्रमही मुलाखत दिलेल्या उमेदवारांची क्रमयादी देतो. आणि संगणक दोहोंची जुळणी करतो. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली मांडलेल्या गणितावर ही पद्धत आधारलेली आहे. शॅप्ली व ॲल्विन रॉथ यांना या क्षेत्रातील कार्यासाठी २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तिची रीत अशी. संगणक प्रथम उमेदवाराची पहिली पसंती पाहतो. त्या अभ्यासक्रमाच्या यादीत उमेदवार असेल आणि जागा असेल, तर त्याला तेथे तात्पुरते बसविले जाते. मागाहून त्या अभ्यासक्रमाला अधिक पसंत असलेला दुसरा उमेदवार आला, तर पहिला उठतो आणि आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातो. असे होत होत सर्वांचे ठरते. याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. अवघड वाटणारी संस्था पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने दुसऱ्या क्रमांकावरील संधी बुडत नाही. 'आपल्याला कोण घेणार' असा विचार करून आवडती संस्था खाली ढकलण्याची सवय आपल्या मुलांना असते. या पद्धतीत तो निव्वळ तोटा आहे. जेथे मनापासून जावयाचे ती वर, आणि जेथे मिळाल्यास खरोखर जाऊ अशी प्रत्येक संस्था यादीत, एवढाच नियम. कारण निकाल दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो. जुळणीनंतर कोठे जागा उरल्यास त्यांच्यासाठी पुन्हा अर्ज घेतले जातात. त्या दिवसांत निराश होऊन तोंड फिरवून बसू नये.

नकार कसा वाचावा?

नकाराच्या कागदावर कारण नसते. म्हणून आपला विद्यार्थी ते स्वतःच भरून काढतो. एक जण म्हणतो, आपली लायकीच नाही. दुसरा म्हणतो, तेथेही जात पाहतात. भेदभाव कोठेच नसतो असे मी म्हणणार नाही. परंतु दोन्ही उत्तरांत एक सोय आहे : दोन्हींनंतर काही करावयाचे उरत नाही. म्हणून आधी पुरावा पाहावा.

मुलाखतीला कोठूनच बोलावणे आले नसेल, तर अडचण कागदात आहे : गुण, विषय, अनुभव, निवेदन, शिफारसपत्रे किंवा संस्थांची निवड. मुलाखत झाली आणि जुळणी झाली नाही, तर कागदाने आपले काम केले आहे. मुलाखत, किंवा फारच आखूड क्रमयादी, यांकडे पाहिले पाहिजे. माझ्या विद्यार्थिनीची यादी एका संस्थेची होती, कारण मुलाखत एकच. एका संस्थेच्या यादीवर जुळणी न होणे यात नवल काही नाही. पुढच्या वेळी मुलाखती वाढविणे, हे तिचे काम ठरले.

मग विचारणा करावी. निकाल लागून गर्दी ओसरल्यावर अभ्यासक्रमाच्या संचालकांना एक छोटे, सभ्य पत्र लिहावे : निर्णयाबद्दल तक्रार नाही, पुन्हा अर्ज करण्याचा विचार आहे, माझ्या अर्जात कोणती बाजू दुबळी वाटली ते सांगता आल्यास आभारी होईन. काही अभ्यासक्रम असा अभिप्राय देतात, काही देत नाहीत. तिने सहा पत्रे लिहिली, दोन उत्तरे आली. एकात लिहिले होते, शास्त्राची तयारी चांगली आहे, परंतु संकटातील माणसांशी बोलण्याचा देखरेखीखालील अनुभव दिसत नाही. दुसऱ्यात होते, शिफारसपत्रांतून उमेदवाराची ओळख होत नाही. ही दोन वाक्ये वर्षभराच्या कामाची यादी ठरली.

दुसऱ्या अर्जात काय बदलावे?

पहिली गोष्ट अनुभवाची. हे अभ्यासक्रम उमेदवाराकडे दोन प्रकारचा अनुभव मागतात : या व्यवसायाची जवळून ओळख, आणि दुःखात असलेल्या माणसाचे ऐकून घेण्याची सवय. दुसरी गोष्ट आपल्या मुलांपाशी जन्मापासून असते. वस्तीतला रुग्ण घेऊन मेडिकलला जाणे, केसपेपर काढणे, डॉक्टरांचे बोलणे म्हातारीला समजावून सांगणे, हे त्यांनी शाळकरी वयापासून केलेले असते. त्याची नोंद मात्र कोठेच नसते. आणि हेही खरे की घरच्या माणसासाठी धावणे वेगळे, आणि परक्या माणसाचे शिस्तीने, सल्ला न लादता ऐकणे वेगळे. दुसरे शिकावे लागते. म्हणून महिला समुपदेशन केंद्र, व्यसनमुक्ती केंद्र, अपंगांची शाळा, सिकलसेल रुग्णांची संघटना अशा ठिकाणी आठवड्याचे काही तास, किमान वर्षभर, कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करावे आणि तारीख-तास लिहून ठेवावेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसह १९८४ साली सुरू केलेला स्त्रियांसाठीचा विशेष कक्ष पुढे महाराष्ट्रभर पोहोचला. अशा जागा जिल्ह्यात असतात, आपण त्यांच्याकडे शिकण्याची जागा म्हणून पाहत नाही. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांसाठी उभे केलेले काम, ज्याबद्दल त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, तेही याच परंपरेतले. व्यवसायाची ओळख व्हावी म्हणून भारतातील मोठ्या रुग्णालयांतील जनुकीय समुपदेशकांना भेटावे, त्यांचे काम पाहू द्यावे अशी विनंती करावी.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची, आणि हे मी शिक्षकांना उद्देशून लिहीत आहे. एका महाविद्यालयाने माझ्या विद्यार्थिनीला दिलेले पत्र तीन ओळींचे होते : ती नियमित होती, वर्तणूक चांगली होती, तिला शुभेच्छा. हे शिफारसपत्र नसून वर्तणुकीचा दाखला आहे. अमेरिकेत असे पत्र 'या शिक्षकाला सांगण्यासारखे काही नाही' असे वाचले जाते. पत्रात प्रसंग हवा. तिने प्रयोगात कोणती अडचण कशी सोडविली, कोणत्या विद्यार्थ्याला कसे समजावले, टीका केल्यावर तिने काय केले, हे शिक्षकाने पाहिलेले असले पाहिजे आणि लिहिले पाहिजे. बहुधा तीन पत्रे लागतात : एक अभ्यास जाणणाऱ्याचे, एक समुपदेशनाचे काम पाहिलेल्याचे, एक नोकरी किंवा संशोधनातील वरिष्ठाचे. पद मोठे आणि ओळख नाही, असा शिफारसकर्ता निरुपयोगी होय. ज्यांच्या घरी प्राध्यापक, डॉक्टर येत-जात असतात त्यांना अशी पत्रे सहज मिळतात. आपल्या विद्यार्थ्याजवळ फक्त आपण असतो.

तिसरी गोष्ट आत्मनिवेदनाची. आपल्या साहित्याने आत्मकथनाची थोर परंपरा उभी केली आहे, आणि आपला विद्यार्थी लिहावयास बसला की तो त्या परंपरेत लिहू लागतो, किंवा भीतीने जात आणि वस्ती पुसून टाकतो. प्रवेशाचे निवेदन हे आत्मकथन नव्हे. दीड-दोन पानांत वाचणाऱ्याला एवढेच जाणून घ्यावयाचे असते, की हा माणूस दुसऱ्याच्या दुःखाजवळ नीट बसू शकेल काय. जात लपविण्याचे कारण नाही. परंतु परदेशी वाचकाला 'बौद्ध', 'वस्ती', 'विदर्भ' हे शब्द काही सांगत नाहीत. एका वाक्यात त्यांचा अर्थ द्यावा आणि पुढे जावे.

माझ्या विद्यार्थिनीच्या पहिल्या निवेदनात एक संपूर्ण पान भावाच्या वेदनांचे होते. ते खरे होते, वाचताना माझे डोळे भरून आले होते. पण त्यात ती स्वतः काय करते हे कोठे नव्हते. दुसऱ्या निवेदनात तिने तपासणी शिबिरातील एक गोष्ट लिहिली. नुकतेच लग्न झालेली एक मुलगी एएस निघाली. ती म्हणाली, ताई, सासूबाईंना कळू देऊ नका, त्या मला माहेरी धाडतील. सासू बाहेर बाकावर बसली होती आणि कार्ड मागत होती. माझ्या विद्यार्थिनीने त्या मुलीला बाजूला नेले. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे सांगितले. नवऱ्याची तपासणी झाल्याखेरीज मुलांबद्दल काहीच म्हणता येत नाही, हेही सांगितले. कार्ड तिचे आहे, कोणाला दाखवायचे ते ती ठरवील, असे म्हणून ते तिच्याच हातात दिले. सासूला तिने खोटे सांगितले नाही. अहवाल ज्याचा त्यालाच देतो, एवढेच म्हणाली. त्या मुलीने पुढे काय केले हे तिला माहीत नाही, आणि तेही तिने लिहिले. समुपदेशकाची जी तत्त्वे पुस्तकात असतात, ती सर्व या एका प्रसंगात होती.

बहुतेक अर्जांत, पूर्वी अर्ज केला होता काय, असे विचारतात. ते लपवू नये. पहिल्या अर्जानंतर काय केले, काय शिकले, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. जुनेच निवेदन तारीख बदलून पाठविणे याला पुन्हा अर्ज करणे म्हणत नाहीत.

चौथी गोष्ट संस्था निवडण्याची आणि पैशाची. काही अभ्यासक्रमांत परदेशी नागरिकांना जागा नसते किंवा फार थोड्या असतात. काही ठिकाणी आपली तीन वर्षांची पदवी अपुरी मानतात, एम.एस्सी. मात्र चालते. हे अर्जाचे शुल्क भरण्याआधी विचारून घ्यावे. शुल्कमाफी मिळते का, तेही विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीच्या वर्षाला ७५ जागा अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या १२५. दोहोंनाही वयाची आणि जागतिक क्रमवारीतील स्थानाची अट आहे. येथे एक खाच आहे. ज्या सारा लॉरेन्समध्ये ही विद्या जन्मली ते छोटे महाविद्यालय संशोधन-विद्यापीठांच्या त्या क्रमवारीत येतच नाही. म्हणजे तेथे प्रवेश मिळूनही शिष्यवृत्ती मिळणार नाही. मिशिगन, जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड, टोरंटो, मॅक्गिल अशा विद्यापीठांतही हा अभ्यासक्रम आहे. तेव्हा शिष्यवृत्तीची त्या वर्षीची जाहिरात एका हातात आणि संस्थांची यादी दुसऱ्या हातात घेऊनच निवड करावी.

पुन्हा किती वेळा?

याचे उत्तर सर्वांना एक नाही. दुसऱ्या खेपेस, क्वचित तिसऱ्या खेपेस प्रवेश मिळून उत्तम समुपदेशक झालेली माणसे त्या व्यवसायात पुष्कळ आहेत. तरीही प्रत्येक खेपेला एक वर्ष आणि घरातील पैसा जातो, आणि शिष्यवृत्तीची वयोमर्यादा जवळ येते. मुलीच्या बाबतीत लग्नाचा तगादाही असतो. म्हणून घरच्यांबरोबर बसून आधीच ठरवावे : किती वेळा, कोणत्या खर्चात, आणि दरम्यान पोटापाण्याचे काय. अर्जात खरा बदल झाला असेल तरच पुन्हा करावा. झाला नसेल तर एक वर्ष थांबून अनुभव घ्यावा. अमेरिका हा एकच रस्ताही नव्हे. कार्डिफ, ग्लासगो, मेलबर्न येथे हे शिक्षण आहे. आपल्याकडे मणिपाल येथे एम.एस्सी. आहे, आणि समुपदेशकांच्या प्रमाणीकरणासाठी बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग, इंडिया ही संस्था काम करते. मराठी, गोंडी, माडिया बोलणाऱ्यांमध्येच ज्याला काम करावयाचे आहे, त्याने हा मार्ग दुय्यम समजू नये.

आपल्यापुढे एक उदाहरण आहेच. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना १९१७ साली लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. ते १९२० साली पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांनी १९२३ साली सुधारून मागितला. ते मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी तो सुधारला, पुन्हा पाठविला, आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. या घटनेकडे आपण जिद्दीची गोष्ट म्हणून पाहतो. तिच्यात एक पद्धतही आहे : परत आलेला कागद वाचावयाचा, काय मागितले आहे ते समजून घ्यावयाचे, आणि तेवढे करून पुन्हा पाठवावयाचा.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांसाठी

हे सारे एकट्या विद्यार्थ्यावर सोपविणे अन्यायाचे होईल. तीन गोष्टी आपल्याला लगेच करता येतील. वस्तीत, शिबिरात, रुग्णालयात काम करणाऱ्या मुलामुलींच्या कामाची तास व तारखेसह नोंदवही प्रत्येक संघटनेने ठेवावी आणि मागेल त्याला तिचा सही-शिक्क्याचा उतारा द्यावा. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांविषयीचे प्रसंग पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच टिपून ठेवावेत, म्हणजे शिफारसपत्र लिहिण्याच्या दिवशी 'वर्तणूक चांगली' यापलीकडे लिहिण्यासारखे काही हाताशी असेल. आणि ज्यांना नकार आला आहे, त्यांनी आपले कागद दडवून न ठेवता पुढच्या विद्यार्थ्यांना दाखवावेत. दुसऱ्या घरांत ही माहिती जेवताना-उठताना मिळते. आपल्याला ती एकमेकांकडूनच मिळवावी लागेल. माझ्या विद्यार्थिनीचे दोन्ही अर्ज, दोन्ही निवेदने आणि आलेली दोन उत्तरे तिच्या संमतीने आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवली आहेत. ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी अवश्य यावे.